फाइलमधला माका

माझ्या फाइलमध्ये चौदाव्या पानावर सिस्टरने निळ्या पेनाने लिहिलंय : 'इतर - माका तेल, केसांना.' मी आयुष्यात कधी माक्याचं तेल लावलेलं नाही. आमच्याकडे खोबरेल, तेही हिवाळ्यापुरतं. शिवाय ज्या दिवशी ही ओळ लिहिली गेली त्या दिवशी माझ्या डोक्यावर एकही केस नव्हता. तरी ती ओळ तिथे आहे, आणि ती तशी राहू दिली ती मीच.

हे लिहून काढायला मला दवाखान्यातल्याच एका बाईने सांगितलं. माझे उपचार संपत आले होते, तिचे सुरू होत होते. म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकवता, तुम्हाला लिहिता येतं. कसं असतं ते लिहून ठेवा ना." केमोने काय काय होतं हे तुमचे डॉक्टर सांगतील, मोबाइल त्याहून जास्त सांगेल आणि घाबरवेल. मी सांगणार आहे ते एका मुळाबद्दल, माझ्या भावाबद्दल आणि मी केलेल्या एका लबाडीबद्दल. त्यातून कोणाला काही उपयोग झाला तर बरंच आहे.

पिन

मी गारखेड्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सव्वीस वर्षं झाली. सकाळी शाळेची घाई, पदराला पिन लावत होते, तेव्हा बोटाला गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीकडे कोणी बघतं का? मीही तीन आठवडे बघितलं नाही, कारण सहामाहीचे पेपर तपासायचे होते. पेपर वेळेत दिले. तुम्ही असला शहाणपणा करू नका.

रिपोर्ट घ्यायला हे बरोबर होते. हे म्हणजे प्रकाश, माझे यजमान, चितेगावच्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहेत. डॉक्टर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, कॅन्सर आहे. पण लवकर आलात. उपचार आहेत, आणि आपण ते पूर्ण करायचे." मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "डॉक्टर, गाडी बाहेर रस्त्यावर लावलीय. उचलून तर नेणार नाहीत ना?"

डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही नेणार." मला हसू आवरेना. कॅन्सर आहे हे कळल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे हसले, हे आजही मला खरं वाटत नाही.

परत येताना सूतगिरणी चौकात सिग्नल हिरवा झाला आणि आमची स्कूटर हलेना. मागून हॉर्न सुरू झाले. मी मागे बसलेली, मला फक्त यांची पाठ दिसत होती आणि ती थरथरत होती. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अहो, हिरवा झाला." तेव्हा कुठे निघालो.

निळ्या खुर्च्या

ऑपरेशन झालं. मग आठ केमो ठरल्या, दर एकवीस दिवसांनी एक. पहिल्या चार लाल औषधाच्या, पुढच्या चार दुसऱ्या.

केमोचा हॉल म्हणजे निळ्या खुर्च्यांची रांग आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा स्टँड. आधी वजन, मग बीपी, मग शबाना सिस्टरचे प्रश्न, मग शीर शोधणं. माझ्या शिरा फार लाजऱ्या निघाल्या. शबाना सिस्टर माझा हात मांडीवर घेऊन त्यांच्याशी बोलायची. "चल गं, बाहेर ये. मावशी, आज हिलाच मनवू आपण." आणि खरंच एखादी वर यायची. या मुलीच्या बोटांत काय होतं कोण जाणे, दिवसभरात कितीतरी हात तिच्या मांडीवर यायचे आणि प्रत्येक हात ती पहिलाच असल्यासारखा धरायची. मी बघत राहायचे.

सोळाव्या दिवशी केस उशीवर आले. उरलेले यांनी गच्चीत बसवून मशीनने काढले. काढून झाल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान गोल आहे गं." अठ्ठावीस वर्षांत या माणसाने माझ्या रूपाची केलेली ही पहिली तारीफ.

घरी येणारा प्रत्येक जण उपाय घेऊन यायचा. गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस, सांडणीचं दूध, कुठल्याशा बाबांचा अंगारा. मी सगळ्यांना वर्गात विचारते तेच विचारायचे : पुरावा काय? दोन दिवसांत माझं नाव झालं, की आजारी पडली तरी हिचा तोरा गेला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते.

पेरू देशाची म्हातारी

मिलिंद माझा धाकटा भाऊ. वेरूळला लेण्यांवर गाइड आहे. लहानपणी पोस्टकार्डं विकता विकता इंग्रजी शिकला, मोठेपणी क्लास लावून स्पॅनिश शिकला. का, तर जपानीवाले गाइड आधीच झाले होते आणि स्पॅनिशवाला एकही नव्हता.

दुसऱ्या केमोनंतरच्या रविवारी सकाळी तो आला. दारातून "जयभीम, ताई" म्हणाला आणि माझ्या डोक्याकडे बघायला लागू नये म्हणून माझ्या पायांकडे बघत आत आला. हातात कापडी पिशवी होती.

"ताई, मी सांगतो ते नीट ऐक. मधी बोलू नको."

"बोल."

"परवा एक ग्रुप आला व्हता. त्यात एक म्हातारी व्हती, पेरू देशाची. खायचा पेरू नाय, तुझ्या भूगोलातला."

"माझ्या भूगोलातला म्हणजे काय? जगातला."

"बघ, बोललीच मधी."

ती म्हातारी हळू चालत होती. ग्रुप पुढे गेला आणि मिलिंद तिचा कोपर धरून तिच्याबरोबर राहिला. दहाव्या लेण्यात, बुद्धांच्या मोठ्या मूर्तीसमोर दोघं खाली बसले. तिने विचारलं, घरी कोण कोण? याने सांगितलं.

"कॅन्सरला त्यांच्यात बी कॅन्सरच म्हणतात, ताई. बाकी शब्दांना मला लई अडखळायला व्हतं. हा एकच सोपा गेला."

लेणी बघून झाली, म्हातारी बसपाशी आली, आपली बॅग उघडली आणि आतून एक पिठाची पिशवी आणि चार वाळलेले कंद काढून याच्या हातात दिले. तिच्या डोंगरातलं होतं ते. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात, अंगात ताकद राहावी म्हणून. परक्या देशात चालायला लागणार म्हणून तिने ते स्वतःसाठी आणलं होतं.

"मी नको नको म्हणलो. तिनं ऐकलंच नाय. माझ्या डोक्यावर हात ठिवला अन् बसमधी चढली."

मी एक कंद हातात घेतला. सुपारीपेक्षा थोडा मोठा, सुरकुतलेला, वजनाला काहीच नाही. वास भाजलेल्या पिठाचा आणि मागून किंचित मुळ्याचा.

"नाव काय याचं?"

"माका."

"माका? केसांना लावतात तो?"

"नाय गं. तो आपला माका. ह्यो त्यांचा माका."

त्याने पीठ स्टीलच्या डब्यात भरलं आणि मार्करने वर लिहिलं, 'माका'.

तो गेल्यावर मी ॲटलास काढला. अँडीज पर्वत मी सव्वीस वर्षं शिकवलाय. जगातली सर्वांत लांब पर्वतरांग, दोन गुणांसाठी. त्या तपकिरी पट्ट्यावर मी किती वेळा छडी फिरवली असेल. पण तिथलं काही माझ्या घरात येईल असं कधी वाटलं नाही. (बटाटा तिथलाच, पण बटाट्याला आता कोण परका म्हणतो?) मग मी या माक्याची माहिती शोधत बसले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर उगवतो. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी तिथवर पोहोचत नाही. झाड म्हणून उभं राहत नाही तिथे. रात्री जमीन गोठते, दिवसा ऊन भाजून काढतं, वारा थांबत नाही, आणि या सगळ्यात मोहरी-मुळ्याच्या कुळातलं एक रोप जमिनीला चिकटून बसतं आणि खाली आपला कंद भरत राहतं. लोक तो काढतात, उन्हा-थंडीत महिनोन्‌महिने वाळवतात, आणि मग तो कितीतरी वर्षं टिकतो.

मी अक्षरशः थक्क झाले. माझ्या अंगात तेव्हा भाजीची जुडी निवडायची ताकद नव्हती, आणि माझ्या तळहातावर हे होतं. पुराव्याचा प्रश्न जिभेवर आला होता. मी तो गिळला. एका अनोळखी बाईने आपल्या वाट्याचं काढून दिलं होतं, तिला पुरावा कसा मागायचा?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कोमट दुधात एक चमचा सुरू केला.

तीन माका

आठवड्याभरात मला भूक लागली. दहाव्या दिवशी मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. केमोनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी ताकद तशीही परत यायला लागते, हे मला नंतर कळलं. तेव्हा सगळं श्रेय मी त्या चमच्याला दिलं. म्हातारीचं पीठ संपत आलं तसं मिलिंदने मोबाइलवरून दुसरं पाकीट मागवलं. त्यावरही नाव तेच होतं. तेही त्याच डब्यात गेलं.

तिसऱ्या केमोला शबाना सिस्टरने नेहमीसारखं विचारलं, "मावशी, दुसरं काय घेता का? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, घरगुती?"

"माका चालू आहे," मी म्हटलं.

"अच्छा, माका. केसांसाठी ना? चालू द्या. माझी अम्मी पण लावायची."

'लावायची' हा शब्द मी स्पष्ट ऐकला. शाळेत मी 'दिन' आणि 'दीन' यांत गल्लत करणाऱ्या पोराची वही परत करते, चूक कोणत्याही विषयाच्या वहीत असो. इथे मला एक वाक्य बोलायचं होतं : सिस्टर, लावत नाही, खाते. मी ते बोलले नाही. बोलले असते तर डॉक्टर बाईंना कळलं असतं, आणि त्या बंद करा म्हणाल्या असत्या. मला बंद करायचं नव्हतं. मी म्हटलं, "हो." सिस्टरने निळ्या पेनाने लिहून घेतलं. मनात म्हटलं, मी तर खरंच सांगितलं, आता तिने काय समजावं हे माझ्या हातात थोडंच आहे?

हे बाजूच्या स्टुलावर बसले होते. घरी जाताना म्हणाले, "सिस्टर काय म्हणत होती? मका चालतो ना तुला?"

आता यांना काय सांगावं? सांगितलं तर हे डॉक्टरांना विचारणार. मी म्हटलं, "हो, चालतो."

त्या दिवसापासून आमच्या घरात मका सुरू झाला. हे कंपनीतून येताना पैठण रोडवरून कणसं आणायचे. आधी भाजून, मग माझं तोंड आलंय हे लक्षात आल्यावर उकडून, मग किसून. ज्या माणसाला चहाचा गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे ठाऊक नव्हतं त्याने माझ्यासाठी मक्याचा उपमा केला. खारट होता. तोंडाच्या फोडांवर मीठ लागून डोळ्यांत पाणी यायचं, आणि यांना वाटायचं मला भरून आलं. मला भरूनही आलं होतं. म्हणून मी तोही उपमा खाल्ला, आणि ती दुसरी लबाडीही चालू ठेवली.

आकडे

चौथी केमो पार पडली. पाचवीच्या आधी रक्त दिलं. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितला आणि मान हलवली.

"लिव्हरचे आकडे वाढलेत. आज देता येणार नाही. एका आठवड्याने बघू."

आठवड्याने आकडे आणखी वर गेले होते.

ज्या केमोला मी दर वेळी घाबरत गेले, ती मिळत नाही म्हणून मी त्या दिवशी रडले. आपल्याला वाटतं आपण उपचाराला घाबरतो. उपचार थांबला की कळतं, आपण कशाला घाबरत होतो. निळ्या खुर्च्यांच्या हॉलवरून जाताना आत बसलेल्या बायकांचा मला हेवा वाटला.

डॉक्टर बाईंच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो. मी विचारलं, "तिकडे पसरलंय का?"

"बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. सीटी करून घेऊ." मग त्यांनी माझी फाइल पहिल्या पानापासून उघडली. "काहीतरी सुटतंय का, ते बघते."

त्या एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येत होत्या. चौदावं पान आलं. "इतर... माका तेल. ते ठीक आहे, डोक्याला लावल्याने काही होत नाही." आणि बोट पुढच्या ओळीवर गेलं.

मला ते बोट सरकताना दिसलं. मी सांगितलं तर मिलिंदवर येईल. माझ्यावर येईल. आणि नाही सांगितलं तर ही बाई एकटीच अंधारात शोधत बसेल, ते माझं लिव्हर आहे म्हणून.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तेल नाही. मी माका खाते."

"माका खाता? भृंगराज?"

"तो माका नाही."

हे पुढे सरसावले. "डॉक्टर, मका खाते ती. मीच करून देतो."

"मका नाही हो!" मी ओरडलेच. "आणि माकाही नाही. म्हणजे माकाच, पण..."

डॉक्टर बाई माझ्याकडे, मग यांच्याकडे, मग फाइलकडे बघत राहिल्या. मला शब्द सापडेनात, तेव्हा मी रक्ताचा रिपोर्ट उलटा केला आणि त्यांच्याच पेनाने दक्षिण अमेरिका काढली. हे माझ्या हाताला झोपेतही येतं. डाव्या कडेने अँडीजची रेघ ओढली, पेरूवर गोल केला आणि म्हटलं, "इथला. हे मूळ आहे. याचं पीठ मी नऊ आठवडे रोज एक चमचा दुधातून घेतेय. सिस्टरला तेल वाटलं. मी वाटू दिलं. तिची चूक नाही."

डॉक्टर बाईंनी विचारलं, "एक चमचा म्हणजे केवढा?"

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या चमचा विचारत होत्या. चहाचा की जेवणाचा, सपाट की शीग, कधीपासून, पाकीट कुठलं. सगळं लिहून घेतल्यावर पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे मूळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिकडे ते अन्न आहे. पण तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, आणि हे त्या हार्मोनचं काय करतं ते मला माहीत नाही. मोबाइलवरून आलेल्या पाकिटात आणखी काय आहे, तेही मला माहीत नाही. मला माहीत नसलेली गोष्ट केमोच्या काळात तुमच्या पोटात नको. आजपासून बंद. डबा उद्या इथे आणा."

बाहेर आल्यावर हे स्कूटरला किल्ली लावता लावता म्हणाले, "म्हणजे मी एवढे दिवस कणसं उगाच आणत होतो?"

"उगाच नाही," मी म्हटलं.

"तुला आवडत तरी होती का?"

"उपमा नाही आवडला."

"मलाही नव्हता आवडला," हे म्हणाले आणि किक मारली. खूप दिवसांनी आम्ही एकमेकांशी खरं बोललो होतो.

यावरून एकच सांगते. दवाखान्यात 'दुसरं काही घेता का' असं विचारलं की नाव सांगू नका, डबा न्या. चमचाही न्या. नावाचे घोळ होतात, आणि घोळ झाला की तो आपल्याला सोयीचा वाटतो. गावाकडचा काढा असो नाहीतर परदेशातलं मूळ, ज्याने दिलं त्याचा मान राखायचा असेल तर ते उघड्यावर टेबलावर ठेवा.

सीटीचा दिवस

सीटीच्या मशिनमध्ये औषध सोडतात तेव्हा अंगभर ऊब पसरते. मशीन सांगतं, श्वास रोखा. मग सांगतं, श्वास सोडा. बाकी सगळं विसरून मी तेवढं केलं. रिपोर्टला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. त्या अठरा-वीस तासांत आम्ही काय जेवलो, काय बोललो, मला काही आठवत नाही. फक्त आठवतं की हे भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलत होते आणि घड्याळ चालू असताना बदलत होते.

लिव्हर स्वच्छ होतं.

डॉक्टर बाईंनी दोनदा सांगितलं तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. स्वच्छ. मग दर आठवड्याला रक्त. आकडे उतरायला लागले, आधी थोडे, मग भराभर. तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ जागेवर आले. मी विचारलं, "माक्यामुळेच झालं होतं ना?" त्या म्हणाल्या, "तसं मी म्हणणार नाही. लाल औषधानेही होतं. पाकिटातल्या भेसळीनेही झालं असेल. बंद केलं आणि उतरलं, एवढंच मला माहीत आहे."

पण मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. मी या लिव्हरला विष दिलं, औषध दिलं, पीठ दिलं, खोटं बोलून दिलं. आणि ते माझ्या पोटात उजव्या बाजूला, मी झोपलेली असताना, मी रडत असताना, स्वतःची डागडुजी करत होतं. ना मी सांगितलं, ना मी मागितलं. मी तिथे हात ठेवून बसायचे. कोणाचे आभार मानायचे ते कळायचं नाही.

साल

पाचवी केमो सुरू झाली ती नव्या औषधाची. पाण्यासारखं दिसणारं. डॉक्टर बाई राउंडला आल्या, स्टँडवरच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भूगोलवाल्या मॅडम, हे कुठून आलंय माहितीय? एका झाडाच्या सालीतून शोधलं लोकांनी."

मी बाटलीकडे बघितलं. "मग तुमच्या सालीत आणि माझ्या मुळात फरक काय?"

"मापाचा," त्या म्हणाल्या. "या सालीचं कोणाला किती, कशाबरोबर, कधी थांबवायचं, हे खूप लोकांनी खूप वर्षं बसून बघितलंय. तुमच्या मुळाचं माप त्या म्हातारीला ठाऊक असेल. तिच्या डोंगरात, तिच्या अंगासाठी. तुमच्यासाठी कोणालाच ठाऊक नाही."

त्या पुढच्या खुर्चीकडे गेल्या. नळीतून थेंब पडत राहिला. एक झाड कुठेतरी उभं होतं, कोणीतरी त्याची साल हातात घेऊन विचार केला, त्यानंतर कितीतरी माणसांनी आयुष्यं घालवली, आणि तो थेंब आता माझ्या लाजऱ्या शिरेत उतरत होता. दुसऱ्या टोकाला थंडीत वाळलेला तो कंद. ही जमीन माणसांसाठी किती काय काय करून ठेवते, आणि आपण सव्वीस वर्षं फक्त खनिजं आणि पिकं पाठ करून घेतो. मला माझ्याच तासांची लाज वाटली, आणि आनंदही झाला.

मिलिंद

मिलिंदला मी फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "म्हंजी मी तुला विष चारलं व्हय, ताई?"

"नाही रे. ऐक तर खरं..."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो सहाव्या केमोला आला नाही, सातव्याला नाही, आठव्याला नाही. रोज सकाळी मोबाइलवर तीन शब्द यायचे : 'बरी हाय का'. मी 'हो' लिहायचे. मी फोन केला की ग्रुप आलाय म्हणायचा. हे म्हणाले, "येईल गं, चार दिवस जाऊ दे." चार दिवसांचे चार महिने झाले. आजाराने माझा स्तन घेतला, केस घेतले, नखं काळी केली, ते सगळं मी सोसलं. भाऊ गेला तर मला ते सोसणार नव्हतं. आणि तो गेला असता तर रोगाने नव्हे, माझ्या त्या एका 'हो'ने.

रेडिएशनही संपलं. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर बाई म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आहे." बऱ्या झालात, असं त्या म्हणत नाहीत. गोळी आहे अजून काही वर्षं, आणि सहा महिन्यांनी तपासणी. मी यांना म्हटलं, "घरी नको. वेरूळला चला."

"फोन करून जाऊ."

"फोन केला की तो पळेल."

हे पार्किंगमध्ये थांबले. मी डोक्याला रुमाल बांधून एकटीच आत गेले. कैलास लेण्याच्या अंगणात मिलिंद सात-आठ जणांच्या ग्रुपसमोर उभा होता. कोणाची तरी सासू, सुना, नातवंडं. मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्याला काम करताना एकदाही ऐकलं नव्हतं. तो हिंदीत सांगत होता, की हे वरून खाली कोरत आणलंय, एवढा मोठा डोंगर, आणि जिथे छिन्नी चुकली तिथे परत दगड लावता येत नाही. त्याचा आवाज भिंतींवरून फिरून परत येत होता. सगळे माना वर करून बघत होते. मी त्याच्याकडे बघत होते. हा माझा भाऊ, हे मला कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

मग त्याने मला बघितलं. वाक्य अर्धं राहिलं.

मी पुढे गेले. "मिलिंद, चूक तुझी नव्हती. मुळाचीही नव्हती. सिस्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तू दिलेलं मी चोरून खाल्लं, म्हणून ते बाधलं असेल तर बाधलं. माझ्यामुळे."

"दिलं तर मीच ना."

"हो, तूच दिलंस. माझ्यासाठी परक्या बाईपाशी बसून रडलास ते सांगितलं नाहीस मला. पण तुझ्या बोलण्यावरून मला तेव्हाच कळलं होतं."

त्याचे डोळे भरले. रुमालाकडे बघून म्हणाला, "केस आले व्हय?"

"आलेत. अर्धा इंच."

"दाव."

मी रुमाल सोडला. त्याने माझ्या डोक्यावर हात फिरवला, सगळ्यांच्या देखत. ग्रुपमधल्या सासूबाईंना मराठी येत होतं. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "काय झालं भाऊ? कोण आहेत या?"

मिलिंदने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"ही माझी ताई. भूगोलाच्या मॅडम हायेत. हिला कॅन्सर झाला व्हता."

व्हता. डॉक्टर बाई पहिल्या दिवशी 'आहे' म्हणाल्या होत्या. हे अजून 'आहे'च म्हणतात, नातेवाईकही, आणि दर सहा महिन्यांच्या भीतीने मीही. 'होता' कोणीच म्हणालं नव्हतं. मी दगडी पायरीवर बसले.

"काय झालं, ताई? चक्कर आली का?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ता काय बोललास ते पुन्हा एकदा बोल."

त्याला कळलं. तो ग्रुपकडे वळला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जावं म्हणून लावतो तो आवाज लावून, स्वच्छ हिंदीत म्हणाला, "ये मेरी बड़ी बहन हैं. इनको कैंसर था."